तिसाव्या जागी कॅनन का नाही? बाखच्या क्वोडलिबेटचा प्रकरण अभ्यास

१७४१च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या बाल्टाझार श्मिटने योहान सेबास्टियन बाखचं एक पुस्तक छापलं. दोन कीबोर्डांच्या हार्प्सिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं वाद्य) एक आरिया, म्हणजे मूळ धून, आणि तिच्यावरची तीस व्हेरिएशन्स, म्हणजे तिची बदलती रूपं, असा ऐवज. आज जग त्याला 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' म्हणून ओळखतं.

या पुस्तकाची आखणी चोख आहे. दर तिसरं व्हेरिएशन कॅनन आहे, म्हणजे एक आवाज चाल सुरू करतो आणि दुसरा तीच चाल थोड्या अंतराने मागून घेऊन येतो. तिसऱ्या व्हेरिएशनमध्ये मागचा आवाज त्याच स्वरावरून निघतो. सहाव्यात अंतर दुसऱ्या स्वराचं, नवव्यात तिसऱ्याचं, बाराव्यात चौथ्याचं. बाराव्यात आणि पंधराव्यात तर मागून येणारी चाल उलटी होते, पुढचा आवाज चढला की मागचा उतरतो. असं करत करत सत्ताविसाव्या व्हेरिएशनमध्ये अंतर नवव्या स्वरापर्यंत पोचतं. नऊ कॅनन झाले आणि एकही पायरी चुकली नाही.

आता तिसावं. इथवर आलेल्या कुणाचीही अपेक्षा एकच असणार, दहाव्या स्वराचा कॅनन. पान उलटलं की वर शब्द दिसतो 'क्वोडलिबेट', आणि खाली दोन रस्त्यावरची गाणी एकमेकांत गुंतलेली.

या अभ्यासाचा प्रश्न तेवढाच आहे. सत्तावीस व्हेरिएशन्सपर्यंत पाळलेला नियम बाखने शेवटच्या जागी का सोडला, आणि सोडला तो नेमका या नावाखाली का?

नावाचा अर्थ सोपा आहे. 'जे आवडेल ते', 'हवं ते'. पण बाखच्या काळापर्यंत या लॅटिन शब्दाची दोन घरं झाली होती. विद्यापीठात तो वादसभेचा एक प्रकार होता आणि संगीतात गाण्यांच्या जोडकामाचा. तिसावं व्हेरिएशन समजून घ्यायला ही दोन्ही घरं पाहावी लागतात, असं माझं मत आहे. बहुतेक लिखाण दुसऱ्या घरातच थांबतं, म्हणून हा खटाटोप.

आधी खर्ज

घरात पेटी असेल तर हे वाजवून पाहावं. सगळे शुद्ध स्वर, तार षड्जापासून मध्य षड्जापर्यंत: सा नि ध प, ग म प सा. एकेक स्वर सावकाश, समान लांबीचा.

आरियाच्या खालच्या आवाजाचे हे पहिले आठ स्वर. या सगळ्यात खालच्या आवाजालाच मी इथे खर्ज म्हणतो. पूर्ण आरिया बत्तीस मात्रागटांची आहे आणि प्रत्येक गटाला खर्जाचा एक मुख्य स्वर आहे. पहिला अर्धा भाग पंचमावर जाऊन थांबतो, पुढचा धैवताकडे वळून उदास होतो आणि मग षड्जावर परततो. तीसही व्हेरिएशन्स या खर्जावर उभी आहेत. आरियाची वरची नाजूक, अलंकारांनी भरलेली चाल मधे कुठेच परत येत नाही. नवखा ऐकणारा तिला शोधत राहतो आणि गोंधळतो. शोधायचं असतं ते खाली.

हे पहिले आठ स्वरही बाखच्या खास मालकीचे नव्हते. त्या काळात ते बरेच जण वापरत. बाखचा समकालीन संगीतकार हँडेल याची जी मेजरमधली (म्हणजे जी या स्वराला षड्ज धरून लिहिलेली) ६२ व्हेरिएशन्सची एक शकोन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या खर्जावरची रचना, याच आठ स्वरांवर आहे, आणि तिचा शेवट एका साध्या कॅननने होतो.

तिसाव्या व्हेरिएशनमध्ये लिखाण बत्तीस गटांऐवजी सोळांत बसवलं आहे, म्हणून खर्जाचे स्वर दुप्पट दाट येतात, एका गटात दोन. पण क्रम तोच आहे. पहिल्या चार गटांत सा नि ध प ग म प सा पूर्ण होतं. वर काय चाललंय याची खर्जाला जणू फिकीरच नाही.

आणि वर जे चाललंय ते असं. चार आवाज आहेत. एक आवाज गाण्याची ओळ उचलतो, दुसरा लगेच ती त्याच्याकडून घेतो, तेवढ्यात तिसरा वेगळ्याच गाण्याची ओळ मधे घुसवतो. कुठलंही गाणं अखंड येत नाही, तुकडे येतात. भजनात एकाने एक अभंग धरावा आणि शेजारच्याने दुसराच, तर मृदंगवाला हात थांबवून वर बघेल. इथे तसं होत नाही, कारण दोन्ही गाण्यांचे तुकडे खर्जाच्या मापाने कापले आहेत.

एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन गाण्यांपैकी एकाची चाल 'बेर्गामास्का' या जुन्या इटालियन चालीच्या कुळातली आहे. या चालीचा पाया अगदी साधा: षड्ज, मध्यम, पंचम, षड्ज, पुन्हा तेच. आता खर्जाचे शेवटचे चार स्वर पाहा: ग म प सा. षड्जाच्या स्वरमेळात गंधार खाली ठेवला की तो षड्जाचंच काम करतो. म्हणजे बेर्गामास्काला जो पाया लागतो तो बाखच्या आरियात पहिल्या ओळीपासून तयार होता. गावगाण्यासाठी वेगळी जागा करावीच लागली नाही. तीस व्हेरिएशन्स लिहिताना बाखला ही जागा किती आधीपासून दिसत असेल, याचा विचार केला की थक्क व्हायला होतं.

गाणी कोणती, आणि हे कळलं कसं

छापील पुस्तकात गाण्यांचे शब्द नाहीत. ते आपल्यापर्यंत आले बाखच्या एका शेवटच्या शिष्याकडून. योहान क्रिस्टियान किटेल, जन्म एरफुर्टचा, १७३२चा. त्याने तोंडी सांगितलेली माहिती एका छापील प्रतीत कुणीतरी हाताने टिपून ठेवली.

त्या टिपेप्रमाणे पहिलं गाणं: किती दिवस झाले तुझ्याजवळ आले नाही, सरक ना जवळ. दुसरं: कोबी आणि सलगमाने मला पळवून लावलं, आईने मटण शिजवलं असतं तर आणखी राहिलो असतो.

जर्मनमध्ये 'कोबी नि सलगम' म्हणजे सबगोलंकार, कशाचा कशाला मेळ नसलेला पसारा. त्यामुळे पुष्कळ अभ्यासक यात थट्टा वाचतात. तिसाव्या व्हेरिएशननंतर पहिली आरिया जशीच्या तशी परत येते. तेव्हा आरियाच म्हणते आहे, 'फार दिवस लांब होते, आता जवळ घे. या व्हेरिएशन्सच्या पसाऱ्याने मला पळवून लावलं होतं.' वाचायला हे गोड आहे. पण ज्याने १७४१ मध्ये पुस्तक विकत घेतलं त्याच्यासमोर शब्द नव्हते, फक्त चाली होत्या. बाख राहत होता त्या लाइपझिगच्या आसपासच्या माणसाला त्या ओळखू आल्या असतील आणि तो हसलाही असेल. परंतु हसू हे कारण धरलं तर दहावा कॅनन का वगळला याचं उत्तर मिळत नाही. थट्टा करायची तर ती अठ्ठाविसाव्या जागीही करता आली असती.

'जमलं नाही' हे उत्तर बाद

कॅनन संपले, बाखकडे आणखी शिल्लक नव्हते, असं कुणाला वाटू शकतं. हे उत्तर सरळ बाद करता येतं.

बाखची स्वतःची छापील प्रत १९७४ मध्ये स्ट्रासबुर्गला सापडली. आज ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्याच्या हाताने आणखी चौदा कॅनन लिहिलेले आहेत, सगळे आरियाच्या खर्जातल्या पहिल्या आठ स्वरांवर. सुलटे, उलटे, आरशासारखे, वेग दुप्पट-निमपट केलेले. पुस्तक छापून झाल्यावरही माणूस त्याच आठ स्वरांतून कॅनन काढत बसला होता! शिवाय आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतल्या 'आर्ट ऑफ फ्यूग'मध्ये नेमका दहाव्या स्वराचा एक कॅनन आहे. म्हणजे तोही त्याच्या हातचाच होता.

तेव्हा तिसाव्या जागी कॅनन नाही तो निवडीने नाही.

घरचा खेळ

दुसरं उत्तर चरित्रातून येतं. बाखचं पहिलं मोठं चरित्र योहान निकोलाउस फोर्केलने १८०२ मध्ये प्रसिद्ध केलं. बाखच्या दोन थोरल्या मुलांशी त्याचा संबंध होता, त्यामुळे घरच्या गोष्टी त्याला कळल्या. तो सांगतो: बाख घराण्यातले संगीतकार थुरिंगिया या जर्मन प्रांतात ठिकठिकाणी नोकऱ्या करत. वर्षातून एकदा सगळे एका गावी जमत, एरफुर्टला, आइझेनाखला किंवा आर्नश्टाटला. सगळे कँटर (चर्चच्या गायनाचे प्रमुख), ऑर्गनवादक, नगरवादक. आधी एक चर्चचं भक्तिगीत गायचं. मग गाडी थट्टेवर यायची. प्रत्येकाने वेगळं लोकगीत धरायचं, काही विनोदी, काही चावट, आणि जागच्या जागी ती एकमेकांत अशी बसवायची की सूर जुळावेत आणि शब्द मात्र प्रत्येकाचे वेगळे. याला ते क्वोडलिबेट म्हणत. गाणारे हसत, ऐकणारेही हसत.

हा नुसता ऐकीव किस्सा नाही. बाखने तरुणपणी एका लग्नासाठी स्वतःच्या हाताने उतरवलेलं एक क्वोडलिबेट आज उपलब्ध आहे, चार आवाजांचं. त्याच्या पुढची-मागची पानं हरवली आहेत. म्हणजे हा प्रकार तो वयाच्या विशीपासून जाणत होता. पुस्तक छापलं तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता.

चालीतही आठवणींचे पदर आहेत. १७०५ मध्ये आर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंत चारशे किलोमीटरहून जास्त अंतर चालत जाऊन बाखने ज्याचं वादन ऐकलं, त्या ऑर्गनवादक बुक्स्टेहुडेने याच बेर्गामास्काच्या चालीवर, याच जी मेजरमध्ये, बत्तीस भागांची एक मालिका लिहिली होती. बाखच्या पुस्तकातही दोन्ही टोकांच्या आरिया धरून बत्तीसच भाग. आणि फ्रेस्कोबाल्डी या इटालियन संगीतकाराच्या १६३५च्या ज्या संग्रहाची प्रत बाखने १७१४ मध्ये मिळवली होती, त्यातही बेर्गामास्कावर एक रचना आहे. तिच्यावर फ्रेस्कोबाल्डीने लिहून ठेवलंय की जो ही वाजवेल तो काही कमी शिकणार नाही. चर्चच्या प्रार्थनेसाठी केलेल्या संग्रहाच्या शेवटी गावठी चाल, तीही अशा शेऱ्यासकट! तिसाव्या व्हेरिएशनची एक वाट तिथूनही येत असावी.

घरचा खेळ आणि गुरुजनांची आठवण, दोन्ही मला पटतात. तरी एक गोष्ट उरतेच. घरच्या खेळात मजा असते ती उत्स्फूर्तपणाची. छापील पानावर, नऊ कॅननच्या रांगेच्या टोकाला, उत्स्फूर्तपणा उरत नाही. तिथे हा प्रकार ठेवणाऱ्याला त्यातली दुसरी एखादी गोष्ट मोलाची वाटत असली पाहिजे. ती कोणती, हे शोधायला शब्दाच्या जुन्या घरी जावं लागतं.

पॅरिस, तेरावं शतक

पॅरिस विद्यापीठात वादसभा हा शिकवण्याचा नेहमीचा भाग होता. नेहमीच्या सभेत विषय गुरू ठरवत असे. त्या विद्यापीठाच्या भाषेत त्याला मास्टर म्हणत. पण वर्षातून दोनदा, नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात, एखादा मास्टर हा अधिकार सोडून देऊ शकत असे. सभेला कुणीही यावं, विद्यार्थी, दुसरे मास्टर, शहरातले पाद्री, आणि कशावरही प्रश्न विचारावा. हीच क्वोडलिबेट सभा. ती घेण्याची सक्ती कुणावर नव्हती, आणि पुष्कळ जण त्या वाटेला जात नसत. कारण उघड आहे. विरोधी गटातले लोक आधीपासून प्रश्न घोटून येत आणि भर सभेत सोडत.

प्रश्नांची सरमिसळ आज वाचली तरी गंमत वाटते. देवाचं ज्ञान, देवदूत, व्याजाचा धंदा, लहान मुलांना मठात घ्यावं का, आणि मधेच: सत्य, मद्य, राजा आणि स्त्री यांत सर्वांत बलवान कोण? हा शेवटचा प्रश्न त्या काळचा थोर धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस याला खरोखर विचारला गेला होता. त्याने तो उडवून लावला नाही. चौघांचं बळ वेगवेगळ्या जागी चालतं, तेव्हा सरळ तुलना होत नाही, असं तो म्हणाला. मद्य शरीर बदलतं, स्त्रीचं आकर्षण इंद्रियांची ओढ, राजाची आज्ञा कृती ठरवणारी बुद्धी, आणि सत्य शुद्ध विचार करणारी बुद्धी. मग या जागांची उतरंड लावून त्याने सत्याला वर ठेवलं. प्रश्न बाजारातला होता, उत्तराची चौकट मात्र त्याची स्वतःची.

सभेचं काम दोन बैठकांत चाले. पहिल्या बैठकीत प्रश्नांचा भडिमार आणि मास्टरच्या हाताखालचा बॅचलर, म्हणजे ज्येष्ठ विद्यार्थी, उत्तरं देणार. आपल्याकडच्या शास्त्रार्थाच्या भाषेत सांगायचं तर इथे सगळा पूर्वपक्ष जमा होत असे, ज्या क्रमाने आला त्या क्रमाने. दुसरी बैठक काही दिवसांनी. तिथे एकटा मास्टर बोलत असे आणि सिद्धान्त मांडत असे. पण सिद्धान्ताआधी त्याला आणखी एक काम करावं लागे, आणि मला सगळ्यात जास्त भुरळ पडते ती त्याचीच. आदल्या बैठकीतला ढीग त्याला लावून घ्यावा लागे. अक्वायनसच्या पहिल्या क्वोडलिबेटची सुरुवातच अशी आहे: प्रश्न देवाविषयी, देवदूताविषयी आणि माणसाविषयी आले. मग त्या तीन कप्प्यांत एकेक प्रश्न आपल्या जागी. सभेत ते तसे आलेले नसणार. क्रम लावणं हाच मास्टरच्या विद्वत्तेचा पहिला पुरावा होता.

१२७१च्या ईस्टरच्या सुमाराच्या सभेत त्याला एक प्रश्न या कामाबद्दलच विचारला गेला. मास्टरने निर्णय देताना तर्क वापरावा की आधारग्रंथांची वचनं? अक्वायनसचं उत्तर आजच्या कुठल्याही शिक्षकाने भिंतीवर लावावं असं आहे. समोरच्याची शंका फेडायची तर त्याला मान्य असलेली वचनं द्यावीत. पण शिकवायचं असेल तर कारणं द्यावीत, जी विषयाच्या मुळापर्यंत नेतील आणि गोष्ट खरी कशी आहे ते दाखवतील. नुसत्या वचनांवर निर्णय दिला तर ऐकणाऱ्याची खात्री पटेल, पण त्याच्या पदरात ज्ञान काहीच पडणार नाही, तो रिकाम्या हाताने जाईल.

हेन्री ऑफ गेंट, गॉडफ्री ऑफ फाँतेन, डन्स स्कोटस, विल्यम ऑफ ऑकम, या सगळ्यांनी पुढे क्वोडलिबेटं लिहिली. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या धर्मशास्त्र शाखेत हा प्रकार ओसरला. पण तो मेला नाही, पूर्वेकडे सरकला.

एरफुर्टचा दुवा

मध्य युरोपातल्या नव्या विद्यापीठांत, प्राग, व्हिएन्ना, हाइडेलबर्ग, एरफुर्ट इथे, कला शाखेचं वार्षिक क्वोडलिबेट हा मोठा सोहळा झाला. प्रागमध्ये १४११ची सभा धर्मसुधारक यान हुसने चालवली. गंभीर प्रश्नांच्या जोडीला करमणुकीचे प्रश्नही अधिकृतपणे घेतले जाऊ लागले. एरफुर्टला १५१५ मध्ये अशाच एका सभेत दारुड्यांचे प्रकार किती, यावर शास्त्रशुद्ध व्याख्यान झालं आणि ते छापूनही आलं. व्याख्या, पोटभेद, प्रमाणं, सगळं साग्रसंगीत.

त्याच शतकात जर्मन छापील गाण्यांच्या पुस्तकांत संगीतातलं क्वोडलिबेट दिसू लागतं. वोल्फगांग श्मेल्ट्झलने १५४४ मध्ये न्यूरेंबर्गला असा एक संग्रह छापला. पुढे मिखाएल प्रेटोरियस या जर्मन संगीतकाराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे प्रकारही पाडले: प्रत्येक आवाजाला वेगळं पूर्ण गाणं, प्रत्येक आवाजाला वेगवेगळ्या गाण्यांचे तुकडे, आणि सगळ्या आवाजांत एकच शब्द पण तुकड्यातुकड्यांचे.

आता गावांची नावं बाजूबाजूला ठेवून पाहा. बाख घराण्याची संमेलनं जिथे भरत त्यातलं एक गाव एरफुर्ट. तिथे या घराण्यातले वादक इतके झाले की घराण्यातलं कुणी उरलं नाही तरी गावातल्या वादकांना लोक 'बाख'च म्हणत राहिले. तिसाव्या व्हेरिएशनच्या गाण्यांचे शब्द सांगणारा किटेल एरफुर्टचाच, आणि १७६२ पासून तो तिथल्या ज्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता ते प्रेडिगर चर्च मुळात डॉमिनिकन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाचं. अक्वायनस डॉमिनिकन होता. पॅरिसला मास्टर म्हणून शिकवलेला धर्मचिंतक माइस्टर एकहार्ट याच एरफुर्टच्या मठाचा प्रमुख होता.

बाखच्या मनात पॅरिस होतं असा पुरावा नाही आणि तसा दावा मी करणार नाही. पण विद्यापीठातला विनोदी वाद आणि संगीतकारांचा घरगुती खेळ एकाच मुलखात, एकाच नावाने नांदत होते. लॅटिन शाळेत शिकलेल्या आणि पुढे लाइपझिगला विद्यापीठाच्या सावलीत राहिलेल्या माणसाला त्या शब्दाचं विद्येशी असलेलं नातं ठाऊक नसावं, हे मला संभवनीय वाटत नाही.

माझा निष्कर्ष

नऊ कॅननमध्ये नियम एकामागून एक येणाऱ्या आवाजांवर होता. मागच्याने पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकायचं आणि अंतर मोजून ठेवायचं. तिसाव्यात बाखने वरच्या आवाजांना ती सक्ती माफ केली. जे गाणं हवं ते गा. आणि त्याच क्षणी त्याने सगळा भार खर्जावर टाकला. मास्टर प्रश्न निवडण्याचा हक्क सोडतो, पण उत्तराची मांडणी त्याची असते, तसं इथे गाणी परक्याची आहेत आणि त्यांना जागा देणारी चौकट बाखची.

पहिल्या बैठकीतला ढीग आणि दुसऱ्या बैठकीतला क्रम, या सोळा गटांत दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. वर ढीग, खाली क्रम. मला वाटतं की दहाव्या कॅननने आणखी एक कौशल्य सिद्ध झालं असतं, पण खर्जाबद्दल नवं काही कळलं नसतं. क्वोडलिबेटने ते कळतं. एकोणतीस व्हेरिएशन्समध्ये बाखने स्वतः रचलेलं संगीत या खर्जावर उभं केलं. तिसाव्यात त्याने बाहेरचं, बेशिस्त, स्वयंपाकघरातलं संगीत त्याच्यावर ठेवलं आणि खर्ज तेही पेलतो हे दाखवलं. अक्वायनसच्या अटीत बसणारं हे उत्तर आहे: वचन नाही, कारण. खर्ज सर्वसमावेशक आहे असं नुसतं सांगून भागलं नाही, तो कसा आहे ते करून दाखवलं.

यावर एक आक्षेप येईल. बाखने वापरलेली गाणी खरोखर 'हवी ती' नाहीत, त्याने बसणारी गाणी निवडली. मग मोकळीक कुठली? आक्षेप बरोबर आहे आणि त्याने बाखची बाजू कमकुवत होत नाही. पॅरिसमध्येही लिहून प्रसिद्ध झालेलं क्वोडलिबेट हे सभेचं जसंच्या तसं वृत्त नसे. मास्टर ते मागाहून घासूनपुसून देत असे. दोन्हीकडे आपल्या हाती येते ती दुसरी बैठक.

वाजवणाऱ्यांसाठी

या निष्कर्षाचा उपयोग वाजवताना होतो. बरेच पियानोवादक तिसावं व्हेरिएशन समारोपाच्या थाटात घेतात, संथ, भरदार, चर्चमधल्यासारखं. त्याआधीची अठ्ठाविसावं-एकोणतिसावं ही चमकदार व्हेरिएशन्स संपल्यावर असा मोह होणं साहजिक आहे. पण गाणी ओळखू येण्याइतकी लय हवी. कोबी-सलगमाची ओळ कुणी प्रार्थनेच्या गतीने म्हणत नाही. उलट वेगाने पळवलं तर मधले दोन आवाज चेपतात, आणि गाण्यांची देवघेव तर तिथेच जास्त आहे.

डाव्या हाताच्या खर्जावर आधी एकट्यावर मेहनत करावी. सा नि ध प ग म प सा हे स्वर नोटेशनमध्ये सजावटीखाली दडलेले असतात, ते शोधून पेन्सिलीने खुणा कराव्यात, मग त्यावर एकेक आवाज चढवावा. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानेही आरिया दोन-तीनदा फक्त खालच्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकली तर पुढचं सगळं सोपं होतं. आणि बाखने दोन्ही भागांना पुनरावृत्तीच्या खुणा दिल्या आहेत त्या इथे तरी पाळाव्यात. पहिल्या वेळी कान वरच्या आवाजामागे जातो. मधल्या आवाजात दुसरं गाणं चाललंय हे बहुतेकांना दुसऱ्या फेरीतच ऐकू येतं.